बोटभर फट

काच वर जायची. शहाण्या मुलासारखी गुपचूप वर वर जायची आणि आता लागलीच म्हणेपर्यंत, बोटभर फट राहिली की थबकायची आणि सरळ खाली यायची. पुन्हा बटण दाबा, पुन्हा वर, पुन्हा तीच बोटभर फट, पुन्हा खाली. मागच्या डाव्या दाराची काच. आणि नेमके त्याच दाराशी बाबा बसायचे, अंगाभोवती शाल गुंडाळून, सगळा वारा आणि रस्त्याची धूळ खात.

बरं, हे सगळं गाडी बाहेर गेली की. दारात उभी असली की ती काच इतकी गुणी की बघत राहावं. खुडबुडी मागच्या सीटवर बसून बटण दाबायची, काच वर जायची, टक् करून रबरात बसायची. हळू घ्या, झटक्यात घ्या, इंजिन बंद ठेवून घ्या, चालू ठेवून घ्या, काही नाही. दादा बाहेर दाराला टेकून हे सगळं बघत राहायचा.

"झाली दुरुस्त?"

"बिघडलेलीच नाहीये."

"म्हणजे मला एकट्यालाच भास होतात."

"तुझ्या गाडी चालवण्याला कंटाळून येत असेल खाली. तिचं काय चुकलं?"

खुडबुडी म्हणजे घरातली धाकटी. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण दुधाचे दात पडायच्या वयात तिने घरातली इस्त्री उघडून आत काय असतं ते बघितलं होतं, आणि इस्त्री परत बंद झाली तेव्हा तीन स्क्रू उरले होते. त्या दिवसापासून खुडबुडी. आता कॉलेज संपलं होतं, नोकरी लागायची होती, आणि घरातली प्रत्येक बिघडलेली वस्तू आधी तिच्या हाताखालून जायची. ती सरळ होईपर्यंत हिला जेवण गोड लागायचं नाही. त्यात ही काच बाबांच्या बाजूची. म्हणजे तर विषयच संपला.

बाबा कोट शिवायचे. साधे शर्ट-पँट नाही, फक्त कोट. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मोठं टेबल होतं आणि त्या टेबलाशी ते उभे राहिले की घरात रेडिओसुद्धा हळू लागायचा. डाव्या हाताच्या चार बोटांनी कापडाचा काठ धरायचा, ताणायचा नाही, नुसता धरायचा, आणि उजव्या हाताने कात्री एका दमात शेवटपर्यंत न्यायची. लोक म्हणायचे, तुमची कात्री काय चालते हो. बाबा म्हणायचे, कात्री कुणीही चालवेल, कापड धरतं कोण ते बघा.

आणि मग मेंदूत झटका आला आणि गेला तो डावा हातच. हात गेला तो गेलाच, त्याहून विचित्र म्हणजे डावी बाजूच त्यांच्या लेखी उरली नाही. दिसत होतं सगळं, डोळे ठणठणीत होते, पण डावीकडे काही असतं हेच त्यांना सुचायचं नाही. ताटात उजवीकडचं तेवढं खायचे आणि आईला म्हणायचे, आज फारच कमी वाढलंस. मग आई ताट फिरवून ठेवायची. दाढी करायचे ती उजव्या गालाची. कुणी डावीकडून हाक मारली तर उजवीकडे वळून शोधत बसायचे. बोलणं मात्र होतं तसंच, खणखणीत. "डावी बाजू रजेवर गेलीय," असं स्वतःच सांगायचे आणि हसायचे. बाकी कुणी हसायचं नाही.

एक दिवसाआड दादा त्यांना व्यायामाला न्यायचा. तिथल्या बाई कडक होत्या. एका दिवशी त्यांनी बाबांच्या डाव्या तळहातावर मेजरिंग टेप ठेवली आणि म्हणाल्या, धरा. आणि बोटं हलली. खुडबुडी त्या दिवशी सोबत होती, तिने स्वतः बघितलं. मधली दोन बोटं, अगदी एवढीशी, झोपेत हलावीत तशी आत वळली.

बाईंनी बाबांचं कौतुक केलं आणि मग खुडबुडीला आणि दादाला बाहेर बोलावून दार ओढून घेतलं.

"जीव येतोय बोटांत," त्या म्हणाल्या. "कात्रीला साथ देतील एवढा येऊ शकतो. पण नीट ऐका. त्या हाताला काही लागलं तर त्यांना कळणार नाही. चटका बसला, कापलं, चिरडलं, काहीही. आणि आत्ता या बोटांना इजा झाली तर हे जे दिसलं ना, ते परत नाही दिसायचं. हात तुम्ही सांभाळायचा."

दोघांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर आईने गरम भांडी ओट्याच्या आतल्या बाजूला सरकवली, दादाने टेबलाच्या कोपऱ्यांना फोम चिकटवला, आणि खुडबुडीने पुढच्या खोलीतला टेबलफॅन, ज्याची जाळी सैल होती, तो माळ्यावर टाकला. हात सांभाळायचा म्हणजे काय काय करायचं ते सगळं केलं. काचेचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काच ही वेगळी भानगड होती, वाऱ्याची आणि धुळीची.

तर काच. खुडबुडीने आधी फ्यूज बघितला. चांगला. मग बटण काढून आतले पॉइंट घासून पुसून बसवले. मग रबरात धूळ साचली असेल म्हणून जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजूंची खाच साफ केली, वरून सिलिकॉनचा फवारा मारला. काच लोण्यासारखी फिरायला लागली. दादा बाबांना घेऊन गेला, परत आला आणि गाडीतून उतरताच म्हणाला, "परत आली."

मग तिने दाराचा आतला पत्रा उघडला. काच वर नेणारी ती यंत्रणा असते ना, तार आणि पट्ट्या, ती तपासली, नट आवळले, ग्रीस लावलं. दारात पन्नास वेळा वर-खाली केली असेल. दादा गेला, आला.

"परत आली."

"शालीचं टोक अडकत असणार," खुडबुडी म्हणाली, आणि पुढच्या वेळी तिने शाल बाबांच्या छातीशी सेफ्टी पिनेने पक्की केली. डावा हात शालीच्या आत गेला, वर कोपरापर्यंत झाकला गेला, उबेला. बाबा म्हणाले, "मला पार्सल करून कुठे पाठवताय?"

परत आली.

आता हिची झोप उडाली. म्हणजे बघा ना, एकच काच, एकच मोटर, दारात शंभर टक्के आणि रस्त्यावर शून्य. काय बदलतं? रस्त्याचे धक्के? तिने दादाला रिकामी गाडी घेऊन खड्ड्यातून फिरवायला लावली आणि स्वतः मागे बसून बटण दाबत राहिली. टक्, टक्, टक्. प्रत्येक वेळी लागली. दादा पुढून म्हणाला, "बघ, बाबा नसले की शहाण्यासारखी वागते."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिला ते वाक्य आवडलं नाही. का ते कळलं नाही, आणि पुढच्या खड्ड्यात ते विसरायला झालं.

त्याच संध्याकाळी आई बाबांच्या हाताला तेल लावत होती. खुडबुडी जवळ बसली होती. डाव्या हाताच्या चारही बोटांवर, मधल्या पेराशी, एक निळसर रेघ होती. एका बोटावरून दुसऱ्यावर, सरळ, पट्टी धरून ओढावी तशी.

"हे काय गं?"

"गोळ्या रक्त पातळ करायच्या," आई म्हणाली. "जरा दाबलं की निळं पडतं. व्यायामाचा तो रबरी पट्टा आहे ना, त्याचाच वळ."

"दुखतंय का बाबा?"

"कुठे?" बाबांनी विचारलं, आणि आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

आईने तेलाची वाटी सरकवली. बाबांनी तिच्याकडे बघितलं तशी तिने त्यांची बोटं पटकन शालीत घेतली.

बाबांना मग खोकला लागला. रस्ता खणून ठेवलेला, सगळी धूळ त्या उघड्या खिडकीतून आत. रात्रभर ढास. आईने खुडबुडीकडे नुसतं बघितलं आणि ते बघणं पुरेसं होतं. सकाळी ही उठली आणि चौकापलीकडच्या गॅरेजमध्ये गेली.

गॅरेजवाला एका गाडीखाली आडवा होता, नुसते पाय बाहेर. तिने त्या पायांना सगळी कथा सांगितली.

"परत येते ना? मोटर जास्त शहाणी आहे तिची," पाय म्हणाले. "मध्ये काही आलं असं वाटलं की उलटी फिरते. कुणाचं डोकंबिकं अडकू नये म्हणून. गाडी जुनी झाली की तिला उगाच भास होतात."

"मग काय करायचं?"

"दोनदा येऊ दे परत. तिसऱ्यांदा बटण वर ओढून धरायचं, सोडायचंच नाही. मग ती विचारत नाही, जाते."

"आणि खरंच मध्ये काही असलं तर?"

"तर तुला दिसेल ना," तो म्हणाला आणि हसला. तीही हसली. गाडीखालून हात आला, तेवीसचा पाना मागितला, तिने दिला आणि पळत घरी आली.

दारात तिने दादाला प्रयोगच करून दाखवला. पुसायचं फडकं गुंडाळून जाड केलं आणि फटीत धरलं. काच आली, फडक्याला लागली, खाली गेली. पुन्हा आली, लागली, गेली. तिसऱ्यांदा तिने बटण धरून ठेवलं. मोटर आधी घुरघुरली, मग आवाज बारीक झाला, आणि काच फडक्यासकट वर जाऊन बसली. दादाने बाहेरून फडकं ओढलं. पाय दाराला लावून ओढलं. सुटेना.

"बाप रे," दादा म्हणाला. "खुडबुडे, मानलं तुला." दादा असं कधी म्हणत नाही. तिने त्याच्याकडून पुढच्या बटणावर दोन-तीनदा करून घेतलं, कारण चालवताना तोच दाबणार होता. वर, परत. वर, परत. वर आणि धर. वर आणि धर.

बाबा शाल गुंडाळून बसले. गाडी निघताना काच अर्धी खाली असायचीच, सुरुवातीला त्यांना मळमळायचं म्हणून. मोठ्या रस्त्याला लागलं की दादा वर घ्यायचा. ही फाटकात उभी राहून हात हलवत होती. बाबांनी उजवा हात हलवला. गाडी वळली.

ती आत आली ती उड्या मारतच. आई शिळा पेपर कपाटाच्या फळीवर अंथरत होती.

"आज लागणार काच," खुडबुडी म्हणाली. "लिहून घे. आता काही मध्ये आलं तरी ती ऐकायची नाही."

"बरं झालं बाई. खोकला तरी थांबेल." आईने पेपरची घडी मोडली. "फक्त यांचा व्यायाम राहील."

"कसला व्यायाम?"

आई पेपरच्या सुरकुत्या सरळ करायला लागली.

"आई. कसला व्यायाम?"

"सांगू नको म्हणालेत. तुम्हाला एकदम दाखवायचंय त्यांना." आईने आवाज उगाच खाली आणला, घरात दुसरं कुणी नसताना. "तो रबरी पट्टा त्यांना आवडत नाही. कापड कसं, काठ कसा, असं बोटांना कळलं पाहिजे म्हणतात. गाडीत बसले की उजव्या हाताने डावा उचलतात आणि बोटं त्या काचेच्या काठावर अडकवतात. शालीच्या आतून. कडा अगदी दुमडलेल्या कापडासारखी लागते म्हणे. म्हणजे लागत नाही, पण आठवते. आणि मग धरायचा प्रयत्न करतात. उतरायच्या आधी परत मांडीवर घेतात, लक्षात राहिलं तर. दादा पुढे बघून चालवतो, त्याला काय दिसतंय."

खुडबुडी उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर त्या निळ्या रेघेची सरळ ओळ आली, आणि बोटभर फट आली, आणि मोटर शहाणी आहे, आणि बाबा नसले की शहाण्यासारखी वागते. सगळं एकाच वेळी, एकावर एक. काच कधी बिघडलीच नव्हती. प्रत्येक वेळी ती बाबांच्या बोटांपर्यंत जात होती आणि प्रत्येक वेळी बोटं आहेत म्हणून परत येत होती. आणि आज सकाळी हिने तिला परत न यायला शिकवलं होतं.

तिने फोन घेतला. नंबर दोनदा चुकला. दादाला लावला. वाजला, वाजला, बंद झाला. चालवताना तो उचलत नाही, बाबांचाच नियम. पुन्हा लावला. मोठा रस्ता किती लांब? पहिलं वळण, शाळा, मग पाण्याची टाकी, मग मोठा रस्ता. आत्ता शाळेशी असतील. टाकीशी असतील.

वाजत होता. आई "काय झालं, काय झालं" करत मागे आली.

उचलला.

"हॅलो?" बाबा होते. आवाज वाऱ्यात फाटत होता. "दादाने दिला माझ्याकडे. बोल गं. सारखा वाजतोय म्हणून दिला."

"बाबा, डावा हात कुठंय तुमचा?"

"काय?"

"डावा हात. कुठे ठेवलाय?"

"ऐकू येत नाहीये. फार वारा आहे."

"बाबा, हात खाली घ्या. काचेवरून हात खाली घ्या. दादाला द्या फोन."

"काच? हो हो, काच." आणि मग तोंड फोनपासून लांब गेल्यासारखा आवाज आला, "अरे, काच घे रे वर, ही काहीतरी सांगतेय, मला ऐकू येत नाही."

"नको," खुडबुडी म्हणाली. "नको घेऊ. दादा. नको घेऊ."

वाऱ्यातून दादाचा आवाज आला, लांबून, खुशीतला. "थांबा बाबा, आता बघा तिची करामत."

तिला ऐकू आलं. वारा बारीक होत गेला, अगदी बारीक, शिट्टीसारखा, आणि परत मोठा झाला. "ही एक," दादा म्हणाला. ती फोनमध्ये ओरडत होती, पण फोन बाबांच्या उजव्या कानाला होता आणि बाबा त्या वाऱ्यात हो, हो, थांब, एवढंच म्हणत होते. वारा पुन्हा बारीक झाला. पुन्हा मोठा. "ही दोन."

मोटर घुरघुरली. मग तिचा आवाज बारीक झाला. सकाळी झाला होता तसाच.

आणि वारा थांबला.

फोनमध्ये एकदम इतकी शांतता झाली की बाबांचा श्वास ऐकू यायला लागला. शेजारच्या खोलीतून बोलावं इतक्या स्वच्छ आवाजात ते म्हणाले, "हां. आता बोल. लागली बघ काच, शाब्बास तुझी."

आईने तिचं मनगट धरलं होतं.

"अगं," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. हळू झाला. कापड कापायच्या आधी व्हायचा तसा. "एक सांगू का? कुणाला सांगू नको इतक्यात. माझा हात सुटत नाहीये."

"बाबा."

"धरलंय त्याने. खरंच. मी खांद्यापासून ओढून बघतोय ना, तरी सुटत नाही. घट्ट धरलंय. हे बघ, ओढतोय. नाही सुटत." ते हसले. झटका आल्यापासून ते असे हसले नव्हते. "बाईंना दाखवतो आता. बोटं परत आली गं."

"बाबा," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना, इतका सपाट, "ओढू नका. फोन दादाच्या कानाला लावा. आत्ता. उजवा हात पुढे करा आणि त्याच्या कानाला लावा."

खरखर झाली. मग दादा. "काय गं, लागली ना तुझी—"

"काच खाली घे."

"आत्ताच तर लावली."

"हळू खाली घे आणि गाडी बाजूला घे. बाबांची बोटं आहेत त्यात."

मागून कुणाचा तरी हॉर्न वाजला, लांब, मग दुसऱ्याचा. टायर खडीवर चढल्याचा आवाज आला. मग मोटर, उलटी, सावकाश, आणि वारा थोडा थोडा करत परत गाडीत शिरला.

"बाबा," दादा म्हणत होता, कुणाची तरी झोपमोड होऊ नये अशा आवाजात, "बाबा, हलवू नका. माझ्याकडे बघा. इकडेच बघा, हां, उजवीकडे."

त्याच्या आवाजामागून, अगदी मागून, बाबांचा आवाज आला. वाईट वाटल्यासारखा, हातातलं काहीतरी निसटून पडल्यासारखा.

"अरेरे," ते म्हणाले. "सुटला."